मोहाच्या ढोलीतली रात्रपाळी

नवेगावबांधच्या तलावाकाठी किंवा नागझिऱ्याच्या रानाला लागून असलेल्या एखाद्या गावात तुमचं घर असेल, तर तुमच्या घरामागच्या मोहावरून शेजारच्या मोहावर रात्री कुणीतरी तरंगत जात असण्याची बरीच शक्यता आहे. तुम्ही तेव्हा गाढ झोपेत असता. आणि जागे असलात तरी आवाज येतो तो एवढाच : आधी काही नाही, मग एकदम ‘थप्प’. कुणीतरी झाडाच्या खोडाला येऊन चिकटलं.

ती उडती खार. अंगणात भिंतीवरून तुरुतुरु पळणारी, पाठीवर पट्टे असलेली खार डोळ्यांसमोर आणाल तर फसाल. उडती खार चांगली मांजराएवढी असते. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सव्वा ते दीड फूट, आणि शेपटी त्याहूनही लांब, गोल आणि झुबकेदार. वजन दीड-दोन किलोच्या घरात. अंगावर करडे-तपकिरी केस आणि त्यांत पांढऱ्या टोकांची पेरणी, पोट फिकट, नाक गुलाबीसर, आणि डोळे? डोळे असे टपोरे, की रात्रीचा प्राणी आहे हे सांगायलाच नको. टॉर्चचा झोत पडला तर ते तांबूस चमकतात.

एवढा मोठा प्राणी आपल्या गोंदिया जिल्ह्यात राहतो आणि शाळेतल्या निम्म्या मुलांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं, याचं मला फार वाटतं. वाघ सगळ्यांना ठाऊक. सारस सगळ्यांना ठाऊक, आणि ते चांगलंच आहे. पण जी रोज रात्री आपल्या डोक्यावरून ये-जा करते, तिचीही ओळख व्हायला हवी की नको?

आता पहिली गोष्ट. उडती खार उडत नाही! सस्तन प्राण्यांत, म्हणजे पिल्लांना दूध पाजणाऱ्या प्राण्यांत, खरोखर उडतं ते फक्त वटवाघूळ. ते पंख हलवतं, वर चढतं, वळतं, पुन्हा वर जातं. उडत्या खारीला पंखच नाहीत. ती उंचावरून निघते आणि हवेवर तरंगत तिरकी खाली येते. निघाली त्याहून वरच्या जागी ती कधीच पोचत नाही.

मग ती धप्पकन पडत का नाही? एक प्रयोग करा. वहीचे दोन सारखे कागद घ्या. एकाचा चुरगाळून बोळा करा, दुसरा तसाच सपाट ठेवा. खुर्चीवर उभं राहून दोन्ही एकदम सोडा. वजन सारखंच, तरी बोळा सरळ खाली येतो आणि सपाट कागद हेलकावे खात, रमतगमत येतो. कागद पसरलेला असला की खालची हवा त्याला अडवून धरते. उडत्या खारीचं सगळं गुपित हेच आहे. तिच्या दोन्ही कुशींना, पुढच्या पायाच्या मनगटापासून मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत, केसाळ कातडीचा पातळ पडदा असतो. ती फांदीवर बसलेली असते तेव्हा तो कुशीला दुमडून असतो. जरा सैल, ढगळ कातडी दिसते एवढंच. उडी मारताना तिनं चारही पाय ताणले की तो पडदा उघडतो आणि खार चौकोनी होऊन जाते.

तिच्या मनगटाजवळ, करंगळीच्या बाजूला, कूर्चेची एक लांब काडी असते. कूर्चा म्हणजे तुमच्या कानाच्या पाळीच्या वर जे लवचीक, वाकणारं काहीतरी लागतं ना, ते. खार चालत असते, खात असते तेव्हा ही काडी हाताला लागून मिटलेली राहते. झेप घेताना ती बाहेर उघडते आणि पडद्याचा कोपरा आणखी लांब ताणून धरते. हाताची लांबी संपली तरी पडदा संपत नाही. मनगटातून उघडणारी आणि मिटणारी काडी! मला तर या खारीच्या सगळ्या अंगात हीच गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते.

एक झेप सुरुवातीपासून पाहू. अंधार पडता पडता खार ढोलीच्या तोंडाशी येते. थोडा वेळ नुसतं डोकं बाहेर. मग खोडावरून सरसर वर, अगदी शेंड्याजवळ. तिथं थांबून समोरच्या झाडाकडे बघते. मागच्या पायांनी जोर लावते आणि सुटते. पहिले काही क्षण ती जरा खाली येते, वेग घेते, आणि मग पडदा हवेवर बसतो. हात किंचित वरखाली करून ती दिशा बदलते, शेपटीनं तोल सांभाळते. समोरचं खोड जवळ आलं की अंग एकदम उभं करते. पोट पुढं, पाय पुढं. सगळा पडदा हवेला आडवा झाला की वेग मरतो. आणि मग ते ‘थप्प’. चारही पंजे जवळजवळ एकदमच खोडाला लागतात. पुष्कळ उडत्या खारी खोडाला लागल्याबरोबर पळत त्याच्या पलीकडच्या बाजूला जातात. का? तर मागून एखादं मोठं घुबड येत असेल, तर त्याच्या पंज्यात फक्त साल यावी.

किती लांब जाते ती? ढोबळ हिशेब असा : एक मीटर खाली येताना साधारण दोन मीटर पुढं. समजा वीस मीटर उंच झाड आहे. खार अठरा मीटरवरून सुटली आणि समोरच्या खोडावर तीन मीटर उंचीवर उतरली. म्हणजे खाली आली पंधरा मीटर आणि पुढं गेली तीस मीटर. कबड्डीचं मैदान तेरा मीटर लांब असतं. म्हणजे दोन मैदानं एका झेपेत पार आणि वर थोडं शिल्लक! डोंगरउतारावरच्या झाडावरून निघाली तर आणखी लांब. हा दोनाचा हिशेब लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पण हे सगळं रात्रीच का? महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हीसुद्धा मोठी खारच, आणि ती भीमाशंकरच्या रानात भर दिवसा या झाडावरून त्या झाडावर उड्या मारते. जगात उडत्या खारींच्या पन्नासेक जाती आहेत आणि त्या सगळ्या निशाचर. शास्त्रज्ञांना वाटतं ते असं : तरंगणारा प्राणी हवेत असताना चटकन वळू शकत नाही, झपकन लपू शकत नाही. उजेडात ससाणे आणि गरुड त्याला सहज उचलतील. रात्री घुबडं असतात खरी, पण दिवसाच्या शिकाऱ्यांच्या मानानं धोका कमी.

आता जरा लांब जाऊ. आफ्रिकेत. गंमत म्हणजे सबंध आफ्रिका खंडात उडती खार नाही. एवढी मोठी जंगलं, एवढी उंच झाडं, आणि एकसुद्धा नाही! मग तिथं रात्री झाडावरून झाडावर तरंगायचं काम रिकामंच पडलं का? नाही. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या घनदाट रानात अ‍ॅनोमालूर नावाचे प्राणी आहेत. तसाच पडदा, तशीच झुबकेदार शेपटी, तसेच मोठे डोळे, दिवसा ढोलीत आणि रात्री बाहेर. शेजारी शेजारी ठेवले तर तुम्ही म्हणाल, ह्या तर बहिणी. पण नाही. अ‍ॅनोमालूरचं जवळचं नातं आहे स्प्रिंगहेअरशी. हा आफ्रिकेतलाच, मागच्या पायांवर कांगारूसारख्या उड्या मारणारा आणि बिळात राहणारा प्राणी. खारीच्या घराण्याशी या दोघांचा संबंध फार दूरचा.

मग हे कसं ओळखायचं? आपली काडी आठवा. उडत्या खारीच्या पडद्याला ताणणारी काडी मनगटातून निघते. अ‍ॅनोमालूरलाही कूर्चेची काडी आहे, पण ती निघते कोपरातून! काम एकच, जागा वेगळी. म्हणजे एकीनं दुसरीचं पाहून शिकलेलं नाही, एकाच आजीकडून दोघींना मिळालेलंही नाही. लक्षावधी वर्षांत दोन वेगवेगळ्या घराण्यांनी आपापलं शोधून काढलेलं आहे. अ‍ॅनोमालूरकडे आणखी एक युक्ती आहे. शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला, टोकदार खवले असतात. खोडाला चिकटून बसताना ते सालीत रुततात आणि प्राणी घसरत नाही. आपल्या खारीकडे ते नाहीत.

ऑस्ट्रेलियात हेच काम पोटाला पिशवी असणारे ग्लायडर करतात, कांगारूंचे भाऊबंद. आग्नेय आशियात कोलुगो आहे, तो तर ना खार, ना पिशवीवाला; त्याचा पडदा मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत जातो. एकच अडचण सगळीकडे : खाऊ एका झाडावर, घर दुसऱ्या झाडावर, आणि मधल्या जमिनीवर शिकारी. खाली न उतरता पलीकडे कसं जायचं?

आफ्रिकेतल्या बुशबेबीनं याला अगदी निराळं उत्तर दिलं. तिचं दुसरं नाव गॅलॅगो. पडदा-बिडदा काही नाही, नुसती उडी! छोटी बुशबेबी तुमच्या तळहातावर मावेल, वजन जेमतेम दोनशे ग्रॅम, आणि जागच्या जागी उभी उडी मारते सव्वादोन मीटर. तुमच्या घराच्या दाराची चौकटसुद्धा एवढी उंच नसते. तिच्या घोट्याची हाडं लांबच लांब असतात, त्यातून हा जोर येतो. बाभळीच्या काट्यांतून उडी मारताना ती आपले मोठे कान घडी घालून मिटून घेते. डोळे इतके मोठे की खोबणीत फारसे फिरतच नाहीत, म्हणून बाजूला बघायचं तर मानच फिरवावी लागते. आणि ही गोष्ट ऐकून तुम्ही नक्की नाक मुरडणार : ती आपल्या हातापायांना स्वतःची लघवी लावते. त्यानं फांदीवर पकड चांगली बसते असं म्हणतात, आणि जाईल तिथं तिचा वासही राहतो. रात्री मोठ्या बुशबेबीचा आवाज ऐकला तर तान्हं मूल रडतंय असंच वाटतं. किडे खाते आणि झाडाचा डिंकही खाते. खालचे पुढचे दात फणीसारखे असतात, त्यांनी डिंक खरवडते. आपल्याकडे धावड्याचा डिंक लाडवात जातो, तिथं बाभळीचा डिंक बुशबेबीच्या पोटात.

बुशबेबीची एक नातेवाईक भारतातही आहे. सडपातळ लोरिस. पण ती दक्षिणेतली. गोव्यातल्या कोटीगावच्या रानात, कर्नाटकात, तमिळनाडू-केरळात. ती उडी मारत नाही. एकेक पाय मोजून टाकत फांदीवरून हळूहळू चालते. विदर्भात ती नाही. इथली रात्रीची झाडं सांभाळायला उडती खारच.

ती सांभाळते कुठून? ढोलीतून. आणि ढोली म्हटली की आपल्याकडे आधी मोह आठवतो.

गोंदियाच्या मुलांना मोह काय सांगायचा! मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन आजीबरोबर तुम्हीच जाता. रात्री फुललेली फुलं पहाटे टपटप गळतात, ती वेचायची, अंगणात वाळत घालायची. पुढं टोऱ्या, म्हणजे मोहाच्या बिया, आल्या की त्यांचं तेल. घराला इतकं देणारं झाड कुणी सहसा तोडत नाही. म्हणून शेताच्या बांधावर, गावाच्या कडेला आजोबांच्या आजोबांनी पाहिलेले मोह अजून उभे असतात. आणि म्हाताऱ्या झाडातच ढोली असते. वादळात फांदी तुटते, जखमेतून पाणी शिरतं, बुरशी लागते, वाळवी लागते, सुतार पक्षी टोचतो. आतलं लाकूड हळूहळू पोकळ होतं. झाड मात्र बाहेरच्या सालीखालून पाणी-अन्न वाहत हिरवं राहतं. दीड-दोन किलोची खार आणि तिचं पिल्लू मावेल एवढी ढोली व्हायला कित्येक दशकं जातात. पिल्लू बहुधा एकच असतं, त्यामुळे ते वाचलं पाहिजे.

राजस्थानात प्रतापगढ जिल्ह्यात सीतामाता अभयारण्य आहे. तिथं लोक मुद्दाम उडत्या खारी पाहायला जातात आणि त्या राहतात जुन्या मोहांच्याच ढोल्यांत. मोहाची कोवळी पानं, डहाळ्या, फळं खातात. घर आणि स्वयंपाकघर एकाच झाडावर! उंबर असेल तर उंबरही आवडीचा.

ढोलीसाठी भांडणंही असतात बरं. पोपटाला ती हवी, पिंगळ्याला हवी, मधमाश्यांना हवी. धनेशाला तर हवीच. त्याची मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. जंगलात झाडं हजार असतील, पण राहण्याजोगी ढोली असलेलं झाड मोजकंच.

या खारीचं वैज्ञानिक वर्णन कधी झालं माहीत आहे? १८३९ मध्ये. वॉल्टर इलियट नावाचा ब्रिटिश अधिकारी धारवाडच्या बाजूला होता. त्या मुलखाला तेव्हा दक्षिण मराठा देश म्हणत. तिथल्या सस्तन प्राण्यांची त्यानं एक यादी मद्रासच्या नियतकालिकात छापली आणि त्या यादीत ही खार होती. पुढं नवेगावबांधला वनखात्यात असलेल्या मारुती चितमपल्लींनी इथल्या रानाबद्दल मराठीत भरभरून लिहिलं. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचं पुस्तक शाळेच्या वाचनालयात शोधा. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. रानात काय पाहायचं आणि कसं पाहायचं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, नागझिरा त्याआधीच अभयारण्य झालेलं होतं. २०१३ मध्ये दोन्ही धरून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पण नकाशा उघडा आणि बघा : नागझिरा वर, नवेगाव खाली, आणि मधून साकोली-कोहमारा-देवरी असा राष्ट्रीय महामार्ग जातो. वाघ रस्ता कसा ओलांडतो याची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. उडती खार कशी ओलांडेल?

आता तो दोनाचा हिशेब काढा. समजा रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची साफ केलेली पट्टी मिळून पन्नास मीटरची मोकळी जागा आहे. पन्नास मीटर पुढं जायला पंचवीस मीटर खाली यावं लागेल. उतरायला तीन मीटर धरले, तर झेप अठ्ठावीस मीटर उंचीवरून हवी. तेवढं उंच झाड आपल्या पानगळीच्या रानात क्वचित. म्हणजे खार पलीकडे पोचणार नाही, रस्त्यावर उतरेल. आणि जमिनीवर तिला नीट पळता येत नाही, पडदा पायांत येतो. ऑस्ट्रेलियात ह्यूम महामार्गाच्या कडेला यासाठी उंच लाकडी खांब रोवले आहेत. तिथले ग्लायडर खांबावर चढतात आणि तिथून पलीकडे झेपावतात. कॅमेऱ्यांनी ते टिपलं आहे. खांबाची उंची ठरवताना तिथल्या लोकांनीही असाच हिशेब मांडला असणार.

दुसरी काळजी आगीची. मोहफुलं पालापाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची पद्धत आहे. ती आग कधी कधी रानात पळते. पोकळ झाडाला बुंध्याशी आग लागली की धूर आणि ज्वाळा आतून वर चढतात, आणि ढोलीत दिवसा कोण झोपलेलं असतं ते तुम्हाला आता माहीत आहे. पाला पेटवण्याऐवजी खराट्यानं झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जुनी साडी, जाळी अंथरली, तर फुलं स्वच्छ मिळतात आणि वेचायलाही सोपी. हे काम घरात तुम्ही स्वतः अंगावर घेऊ शकता.

खार पाहायची असेल तर रात्री रानात अजिबात जायचं नाही; ते बिबट्याचं आणि अस्वलाचंही रान आहे. दिवसा जुन्या मोहाखाली, उंबराखाली उभे राहा. अर्धवट कुरतडलेली पानं, तोडून टाकलेल्या कोवळ्या डहाळ्या दिसतात का बघा. आपल्या खारीची एक चुलत बहीण जपानात राहते. ती पान हातात धरून आधी दुमडते आणि मग मधूनच चावते, त्यामुळे पान उघडल्यावर दोन्ही बाजूंना सारखी भोकं दिसतात. तिथली मुलं अशी पानं गोळा करतात. आपल्या मोहाखाली कशी पानं सापडतात ते तुम्ही बघा आणि ती वहीत डकवा. खाली तारीख आणि झाड कुठलं ते लिहा. संध्याकाळी घरातल्या मोठ्या माणसाबरोबर अंगणातून ढोलीच्या तोंडाकडे बघत बसा. टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधा म्हणजे तिच्या डोळ्यांना त्रास होणार नाही, आणि झोत सारखा तिच्यावर ठेवू नका.

वादळानं जुनं झाड पडलं आणि त्यात खारीचं पिल्लू सापडलं, तर घरी पाळायला नेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते चालत नाही, आणि गाईच्या दुधावर ते जगतही नाही. कुत्र्या-मांजरांपासून लांब, सावलीत, कापड घातलेल्या खोक्यात ठेवा आणि वनरक्षकाला बोलवा. वनखात्याचा मोफत फोन नंबर आहे १९२६. आई जवळपासच असेल, तर अंधार पडल्यावर ती पिल्लाला न्यायला येऊ शकते, म्हणून खोकं कुठे ठेवायचं हे वनरक्षक सांगतील तसंच करा.